चाळीस जणांचं ऑफिस पर्यावरणपूरक कसं करायचं: वीजबिलापासून पोत्यापर्यंत

आमच्या ऑफिसात आम्ही हिरवा आणि निळा असे दोन डबे आणले, भिंतीवर ओल्या-सुक्याचा तक्ता लावला आणि काम झालं असं समजून बसलो. तीन महिन्यांनी सफाईचं काम करणाऱ्या मावशींनी मला थांबवून सांगितलं, "मॅडम, डबे दोन दिलेत, पण खाली न्यायला पोतं एकच आहे." म्हणजे तीन महिने चाळीस माणसं कचरा निवडून टाकत होती आणि जिना उतरताना तो पुन्हा एक होत होता. यात मावशींची काहीच चूक नव्हती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरली आहे. ऑफिसातलं कुठलंही पर्यावरणाचं काम ज्याच्या हातून रोज होणार आहे, त्याच्याशी आधी बोलायचं. मावशी, चहावाले दादा, एसी दुरुस्त करायला येणारा मेकॅनिक, कॉम्प्युटर सांभाळणारा मुलगा. खाली दिलेल्या अनेक पायऱ्यांत या चौघांपैकी कुणीतरी आहेच. हे सगळं पुण्यातल्या, भाड्याच्या जागेतल्या, चाळीसेक माणसांच्या ऑफिसच्या अनुभवावरून लिहिते आहे.

पायरी १: आधी बिल वाचा

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा. पुण्यात जानेवारीत एसी फारसा लागत नाही. त्यामुळे मे महिन्याच्या युनिटांतून जानेवारीचे वजा केले की थंडाव्यावर किती वीज जाते, याचा ढोबळ पण उपयोगी आकडा हातात येतो. बहुतेक ऑफिसांना हा आकडा पाहून धक्का बसतो.

दुसरी मोजणी सुट्टीची. शनिवारी शेवटचा माणूस निघताना मीटरचा फोटो काढा, सोमवारी सकाळी पहिला माणूस आला की पुन्हा काढा. मधले युनिट कुणीही काम करत नसताना जळालेले आहेत. सर्व्हर आणि फ्रिजचं समजू शकतं. उरलेलं शोधायचं: रात्रभर चालू राहिलेले कॉम्प्युटर, वॉटर कूलर, प्रिंटर, पॅन्ट्रीतला गीझर.

तिसरं, एका युनिटची खरी किंमत काढा. बिलाच्या एकूण रकमेतून स्थिर आकार बाजूला ठेवा, कारण वीज वाचवून तो कमी होत नाही, आणि उरलेल्या रकमेला युनिटांनी भागा. हा आकडा मालकांसमोर किंवा हिशेबनिसांसमोर बोलताना लागतो. हवेच्या हिशेबासाठी साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड दर युनिटमागे धरायचा. आपल्या भिंतीतल्या सॉकेटच्या दुसऱ्या टोकाला अजूनही मुख्यतः कोळसा आहे, चंद्रपूर आणि कोराडीसारख्या केंद्रांत जळणारा.

पायरी २: एसी, आणि त्यातला गॅस

इथे थोडं थांबायला हवं, कारण ऑफिसातली सगळ्यात मोठी बचत इथेच आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित नुकसानही इथेच आहे.

समजा दीड टनाचे ६ एसी आहेत, दिवसाला ९ तास चालतात आणि प्रत्येक जण तासाला सरासरी १.२ युनिट खातो. दिवसाचे जवळजवळ ६५ युनिट, २४ दिवसांच्या महिन्याचे साडेपंधराशे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा अंदाज असा की तापमान एक अंश वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. २१ वरून २५ वर गेलात तर पाव भागाच्या आसपास, म्हणजे महिन्याला पावणेचारशे युनिट. याच ब्यूरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी मूळ सेटिंगलाच २४ अंशांवर येतात. त्या रिमोटवर नंतर बोटं आपण चालवतो.

तापमानावरून भांडणं होणारच. एसीच्या थेट झोताखाली बसलेल्याला थंडी वाजते, खिडकीपाशी बसलेला घामाघूम. वाद बहुतेकदा अंशांवरून नसतो, झोतावरून असतो. म्हणून आकडा ठरवण्याआधी तीन गोष्टी करा. एसीच्या पात्यांची दिशा छताकडे वळवा. पश्चिमेच्या काचांना पडदे किंवा बांबूच्या चटया लावा, कारण दुपारी तीननंतरचं ऊन हीच खरी भट्टी असते. आणि एसीबरोबर छताचा पंखा मंद चालू ठेवा. हवा फिरली की २५-२६ अंशांतही अंगाला बरं वाटतं. यानंतर रिमोट एका जागी ठेवा आणि आठवडाभर २५ वर काढा. तक्रारी लिहून घ्या, हसण्यावारी नेऊ नका. ज्येष्ठ सहकारी किंवा गरोदर सहकारी असेल तर तिच्या सोयीने जागा बदला.

फिल्टर महिन्यातून एकदा पाण्याखाली धुवायचे. त्यासाठी मेकॅनिक लागत नाही, पंधरा मिनिटं लागतात. बाहेरच्या युनिटसमोर खोकी, कुंड्या, जुने बोर्ड ठेवलेले असतील तर काढा; त्याला गरम हवा फेकायला जागाच मिळत नाही.

आता गॅस. "मॅडम, गॅस कमी झालाय, भरावा लागेल" हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकून आपण पैसे देतो. एसीतला गॅस वापरून संपत नसतो. बंद नळीत तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. आणि हा गॅस हवेला फार महागात पडतो: आर-४१०ए हा गॅस एक किलो सुटला तर शंभर वर्षांच्या मुदतीत त्याचा तापवण्याचा परिणाम सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका मोजतात. जुन्या एसीतला आर-२२ सुमारे १,८१० चा, आणि नव्या एसीत येणारा आर-३२ साधारण ६७५ चा. दीड टनाच्या एसीत किलोभराच्या आसपास गॅस असतो. वर काढलेली महिन्याची पावणेचारशे युनिटांची बचत म्हणजे अडीचशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या थोडं वर. म्हणजे आठ महिने तापमान सांभाळून जे वाचवलं, ते आर-४१०ए भरलेल्या एका एसीच्या एका पूर्ण गळतीत जातं.

म्हणून मेकॅनिकला तीन गोष्टी आधीच सांगून ठेवा. गळती शोधल्याशिवाय गॅस भरायचा नाही. शोधताना नायट्रोजनने दाब देऊन जोड तपासायचे. उरलेला गॅस हवेत सोडून द्यायचा नाही, सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. याचे पैसे वेगळे मागितले तर द्या. आणि प्रत्येक एसीला नंबर देऊन कुठल्या तारखेला किती ग्रॅम भरला, हे वहीत लिहा. एकाच एसीला दुसऱ्या वर्षीही गॅस लागला, तर तो दुरुस्तीचा किंवा बदलण्याचा पहिला मानकरी.

पायरी ३: पंखे, दिवे, कॉम्प्युटर

हे सोपं आहे, झटपट सांगते. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा ३० च्या आसपास. २० पंखे ९ तास चालत असतील तर दिवसाला ८ युनिट वाचतात. सगळे एकदम बदलायची गरज नाही. जो जळेल त्याच्या जागी नवा बीएलडीसीच घ्यायचा, एवढा नियम पुरे. ट्यूबलाइटचंही तसंच. फक्त जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो, ती फोडून कचऱ्यात टाकायची नाही.

बटणांवर नावं लिहा. 'खिडकीकडची रांग', 'मीटिंग रूम', 'मधला पंखा'. आमच्याकडे एका माणसासाठी अख्खा मजला उजळायचा, कारण कुठलं बटण कशाचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुलाकडून दोन सेटिंग करून घ्या: पाच मिनिटांत पडदा बंद, पंधरा मिनिटांत मशीन झोपलेलं. पडद्यावर फिरणारी चित्रं काहीही वाचवत नाहीत. १५ कॉम्प्युटर रात्रभर ५० वॉटवर जागे राहिले तर संध्याकाळी सात ते सकाळी नऊपर्यंत १०.५ युनिट जातात, रोज रात्री.

पायरी ४: चहा, पाणी, डबा

चाळीस माणसं, दिवसाला तीन चहा, चोवीस दिवस. महिन्याला २,८८० कप. कागदी कप म्हणून आपण ते निवांत वापरतो, पण त्यांच्या आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळला असता. त्या थरामुळे तो कप रद्दीतही जात नाही आणि खतातही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये मोजलं, तेव्हा १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं अशा कपात राहिल्यावर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिक कण आढळले. हा चहा आपण दिवसातून तीनदा पितो.

उपाय साधा आहे, स्टीलचे किंवा चिनीमातीचे कप. पण कप आणण्याआधी ते कोण धुणार हे ठरवा. चाळीस कप तीन वेळा धुणं म्हणजे रोज १२० कप. हे काम गुपचूप मावशींच्या अंगावर टाकलं, तर ती पर्यावरणाची सोय नाही, त्यांच्या कमरेवरचा भार आहे. दोन रस्ते आहेत. एक, प्रत्येकाचा कप प्रत्येकाने धुवायचा. सिंकजवळ घासणी, साबण आणि नावाच्या चिठ्ठ्यांचं स्टँड ठेवा. दोन, मावशींचे तास आणि पगार वाढवून द्या. कागदी कपांवरचा खर्च वाचतोच, तो तिकडे वळवा. आम्ही पहिला रस्ता धरला आणि पाहुण्यांसाठी बारा कप वेगळे ठेवले, त्यांचे तेवढे मावशी धुतात. धुताना नळ सोडून ठेवण्यापेक्षा एक टब साबणाच्या पाण्याचा, एक स्वच्छ पाण्याचा.

चहाचा चोथा झाडांना चांगला, पण आधी पाण्याने धुवून घ्या. दूध-साखरेसकट टाकला की कुंडीत मुंग्या होतात.

पिण्याच्या पाण्यासाठी आरओ मशीन घेण्याआधी काही शे रुपयांचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर आणा. पुण्यात महापालिकेचं पाणी खडकवासल्याच्या बाजूचं, मुळातच कमी क्षारांचं. भारतीय मानकात ५०० पर्यंतचा टीडीएस पिण्याला योग्य धरला आहे. त्याच्या बराच खाली आकडा आला, तर साधा यूव्ही-यूएफ फिल्टर पुरतो. आरओ एक ग्लास पाणी देताना दोन-तीन ग्लास वाहून टाकतं. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी, मग आरओ घ्या, पण त्याची सांडपाण्याची नळी पिंपात सोडा. ते पाणी फरशी पुसायला आणि फ्लशला चालतं. मीटिंगमध्ये छोट्या बाटल्यांऐवजी तांब्या-भांडं किंवा काचेचा जग ठेवला की पाहुण्यालाही बरं वाटतं.

डब्याबद्दल फार सांगायला नको, स्टीलचा डबा आपल्याकडे अजून टिकून आहे. जे बाहेरून मागवतात त्यांच्यासाठी पॅन्ट्रीत आठ-दहा ताटल्या आणि चमचे ठेवा, आणि ऑर्डर करताना चमचे-काटे नकोत असं निवडायचं. प्लॅस्टिकचे चमचे, ताटल्या, स्ट्रॉ यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे.

पायरी ५: कागद

प्रिंटरची मूळ सेटिंग दोन्ही बाजूंनी छापायची करा. ज्याला एकाच बाजूला हवं, तो बदलेल. लोकांना 'दोन्ही बाजूंनी छापा' म्हणून सांगत बसण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक आहे. ८० जीएसएमच्या ए-४ कागदाचा ५०० पानांचा गठ्ठा अडीच किलोचा असतो; महिन्याला किती गठ्ठे उघडले, हे कपाटाच्या दारावर रेघा मारून मोजा.

पाठकोरे कागद फेकू नका. चिमटा लावला की कच्च्या कामाची वही तयार. मात्र एक सावधगिरी: पगाराच्या स्लिपा, आधार-पॅनच्या प्रती, ग्राहकांचे दर यांचे कागद या वहीत जाता कामा नयेत. ते श्रेडरमध्येच. बाकीचा कागद उगाच श्रेड करू नका. धाग्यांचे तुकडे झाले की त्या कागदाचं पुन्हा कागद होणं अवघड जातं आणि रद्दीवालाही भाव पाडतो.

हिशेबाच्या लोकांना एक भीती असते, छापील प्रत नसेल तर तपासणीत काय दाखवायचं. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, पण ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवायला कायद्याची मुभा आहे. नीट नाव दिलेल्या फाइली, दोन ठिकाणी बॅकअप आणि वर्षातून एकदा उघडून पाहणं. एवढं जमलं की फायलींचं अर्धं कपाट मोकळं होतं.

पायरी ६: कचरा, म्हणजे ते पोतं

ओला-सुका वेगळा देणं २०१६ च्या घनकचरा नियमांपासून सगळ्यांवर बंधनकारक आहे. पण सुरुवात डब्यांपासून नको, शेवटापासून करा. तुमच्या इमारतीतून कचरा कोण नेतं, कधी नेतं, कुठे नेतं? खाली जाऊन त्यांच्याशी बोला. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ पासून आहे, आणि त्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. यातल्या बऱ्याच बायकांचं उत्पन्न सुक्या कचऱ्याच्या विक्रीवर अवलंबून असतं. रस्सा लागलेला पुठ्ठा विकला जात नाही. त्यामुळे डबे-बाटल्या विसळून, वाळवून, खोकी सपाट करून दिली, तर तो आपला टापटीपपणा न राहता कुणाच्या तरी दिवसाच्या कमाईत भर पडते.

मग ऑफिसात या: दोन रंगांची पोती, मावशींना हातमोजे, आणि टेबलाखालच्या सगळ्या छोट्या टोपल्या काढून टाकणं. हा शेवटचा बदल सगळ्यांना खटकतो. पण टेबलापाशी टोपली असली की चहाचा कप, केळ्याचं साल आणि कागद एकत्रच पडतात. उठून चार पावलं चाललं की हात आपोआप विचार करून टाकतो. बायकांच्या स्वच्छतागृहात वेगळा झाकणाचा डबा, जुनी वर्तमानपत्रं आणि लाल पेन ठेवा: पॅड गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुढे निवडणाऱ्या बाईला ते उघडून पाहावं लागत नाही.

ऑफिसात खत करावं का? माझं मत असं की ज्याला मनापासून हौस आहे असा एक माणूस असेल तरच. शनिवार-रविवार कुणी हलवलं नाही, कोरडा पाला घातला नाही, की सोमवारी वास येतो आणि अख्खी कल्पनाच बदनाम होते. तसा माणूस नसेल तर ओला कचरा स्वच्छ वेगळा देणं हेच पुष्कळ.

पायरी ७: जुनी यंत्रं, नवी खरेदी

लॅपटॉपचा पर्यावरणावरचा मोठा भार तो बनतानाच पडून गेलेला असतो, म्हणून तो जास्त वर्षं वापरणं हीच बचत. हळू झालेल्या मशीनला आधी एसएसडी आणि रॅम. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ न चालणारी धडधाकट मशीनं ऑफिसाऑफिसांत भंगारात निघाली. ज्या टेबलावर काम फक्त ब्राउझरमध्ये आणि ईमेलवर चालतं, तिथे विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालून बघा. आमच्या स्वागतकक्षातलं मशीन तसंच चालू आहे.

जे खरंच मेलं, ते भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. तारा जाळून तांबं काढणाऱ्याच्या फुप्फुसात तो धूर जातो. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्या, पावती घ्या, आणि देण्याआधी हार्ड डिस्कवरची माहिती पुसा. यूपीएसच्या बॅटऱ्या नवी घेताना दुकानदारालाच परत करायच्या, किमतीत सूटही मिळते.

पायरी ८: घर ते ऑफिस

याचा हिशेब कुणी करत नाही, कारण तो बिलावर येत नाही. एकटा माणूस रोज येऊन-जाऊन २४ किलोमीटर गाडीने येतो, गाडी लिटरला १५ देते, म्हणजे रोज १.६ लिटर. पेट्रोलच्या लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाच्या २८० दिवसांत एक टनाच्या वर. वर सांगितलेल्या २० पंख्यांची वर्षभराची बचत दीड टनाच्या आसपास येते. मेट्रोलाही वीज लागते, तरी अशा दोन गाड्या घरी राहिल्या की जवळजवळ तेवढंच साधतं.

पहिलं काम प्रवासभत्त्याचा नियम उघडून वाचण्याचं. आमच्याकडे ग्राहकाकडे जायला गाडीला किलोमीटरमागे पैसे होते, मेट्रोच्या तिकिटाचे आणि रिक्षाच्या शेवटच्या टप्प्याचे नव्हते. म्हणजे आम्हीच लोकांना गाडी काढायला सांगत होतो. हे एका परिपत्रकात सुधारता येतं. पुण्यात मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत धावते. तिच्या वेळा पाहून सकाळची मीटिंग साडेनऊऐवजी दहाला घेतली, तरी कितीतरी जणांची अडचण सुटते. पिनकोडनुसार यादी करा, एका बाजूने येणाऱ्यांचा गट जमवून द्या. बायकांना उशीर झाला तर घरी सोडायची हमी ऑफिसने घ्यावी, नाहीतर त्या आपली गाडी सोडणार नाहीत आणि सोडूही नये. ज्यांचं काम घरून होतं, त्यांना आठवड्यातला एक दिवस घरी राहू द्या.

सण, आणि भाडेकरार

ऑफिसातले वाढदिवस फुग्यांशिवाय आणि फ्लेक्सशिवाय छान होतात. गणपती बसवत असाल तर शाडूचा, लहान, आणि बादलीत विसर्जन. खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली की झेंडू मावशींच्या हिरव्या पोत्यात. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याच्या, आणि आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या ओरबाडून विकायला येतात. चाळीस जणांत एक पान सगळ्यांच्या टेबलावर फिरवलं तरी मान ठेवला जातो.

जागा भाड्याची असली तर बरंच काही मालकाच्या हातात असतं. गच्चीवर सौर पॅनेल, वेगळा वीजमीटर, खाली सुक्या कचऱ्यासाठी कोपरा, सायकलींना जागा, संडासात दोन बटणांचा फ्लश. एरवी मागितलं तर मालक 'बघू' म्हणतो. करार नव्याने करायची वेळ आली की हीच यादी लेखी पुढे ठेवायची. सौरसाठी साधारण धरायचं: एका किलोवॉटला १०० चौरस फूट सावली न पडणारी गच्ची, आणि दिवसाला सरासरी ४ युनिट. केंद्राची सूर्यघर योजनेची सबसिडी घरगुती ग्राहकांसाठी आहे, ऑफिसला ती धरून हिशेब मांडू नका. आमचा करार पुढच्या जूनमध्ये संपतो आहे. गच्ची मोजून झाली आहे, आणि कचऱ्याचा कोपरा कुठे हवा ते मावशींनी खडूने आखून दाखवलं आहे.